परवाना धाग्याला नको, रसायनाला हवा

धाग्याने भुवया कोरायला ७५० तासांचं प्रशिक्षण लागावं का, हा प्रश्न अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २६ जून २०१५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. थ्रेडिंग करणाऱ्यांवर ही सक्ती करणं राज्याच्या घटनेत बसत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. दाद मागणाऱ्यांची आडनावं होती पटेल, सतानी, मोमीन, चामडिया आणि योगी. माणसं आपल्या भागातली आणि कलाही आपल्याच भागातून तिकडे गेलेली.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. शिलाईच्या सुती दोऱ्याचं रीळ, थोडी पावडर आणि छोटी कात्री, एवढंच सामान. दोऱ्याचं एक टोक दातांत धरायचं, मधे पीळ घालून उरलेला दोरा दोन्ही हातांच्या बोटांवर ताणायचा आणि बोटांची उघडझाप करत तो पीळ पुढे सरकवायचा. पिळात सापडलेला केस मुळासकट निघतो. गिऱ्हाईक स्वतःच्याच बोटांनी एकीकडे कपाळ आणि दुसरीकडे पापणी ताणून धरतं. उष्णता नाही, रसायन नाही, पातं नाही. सरावलेला हात असला तर पाच-सात मिनिटांत दोन्ही भुवया होतात, आणि कमान कुठे उचलायची हे त्या बाईला आरशातल्या चेहऱ्याकडे एकदा बघून कळतं.

टेक्सासच्या परवाना खात्याने या कामाला त्वचा-सौंदर्याच्या व्यवसायात गणलं. २००८-०९ च्या सुमारास तपासणी झाली, विनापरवाना काम केल्याच्या नोटिसा निघाल्या. परवाना हवा तर मान्यताप्राप्त ब्यूटी स्कूलमध्ये ७५० तास भरायचे. त्यासाठी साधारण साडेतीन हजार ते नऊ हजार डॉलर मोजायचे, आणि तेवढे दिवस कमाई सोडायची. पुढे जे बाहेर आलं ते धक्कादायक होतं. या शाळांवर थ्रेडिंग शिकवायचं बंधनच नव्हतं आणि परवान्याच्या परीक्षेत थ्रेडिंगवर प्रश्न नव्हता. ७५० पैकी ३२० तासांपर्यंतच्या अभ्यासक्रमाचा या कामाशी संबंध नाही, हे खुद्द राज्य सरकारने मान्य केलं. म्हणजे जी बाई आयुष्यभर दोरा धरत आली तिने फेशियल, वॅक्सिंग, मेकअप शिकायचं, त्याचे पैसे भरायचे आणि मग सरकारने तिला दोरा धरायची परवानगी द्यायची.

राज्याची बाजू अगदीच पोकळ होती असं मी म्हणणार नाही. दोरा, हात, टेबल अस्वच्छ असेल तर एका चेहऱ्यावरची चामखीळ, गजकर्ण किंवा डोळे येण्याची साथ दुसऱ्या चेहऱ्यावर जाऊ शकते, अशी वैद्यकीय साक्ष झाली होती, आणि ती बरोबर आहे. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींचं म्हणणं होतं की किती तास पुरेसे आणि किती जास्त हे विधिमंडळाने ठरवावं, न्यायाधीशांनी नव्हे. या मुद्द्यातही वजन आहे. पण संसर्गाची भीती खरी असेल तर शिकवायचं काय ते उघड आहे : प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा दोरा, हात धुणं, आजारी त्वचा ओळखणं आणि अशा गिऱ्हाइकाला नम्रपणे परत पाठवणं. याला काही तास लागतील. ७५० तास संसर्गासाठी नव्हतेच.

मग ते कशासाठी होते? अमेरिकेत न्हाव्याला परवाना सक्तीचा करणारा पहिला कायदा १८९७ मध्ये मिनेसोटा राज्यात झाला. १९५० च्या दशकात तिथे शंभरातल्या पाचांहूनही कमी कामगारांना राज्याचा परवाना लागायचा. २०१५ मध्ये व्हाइट हाउसने काढलेल्या अहवालानुसार सगळे परवाने धरून हे प्रमाण एक चतुर्थांशाच्या वर गेलं होतं. केशभूषेचं सांगायचं तर आयोवा राज्यात २०२३ पर्यंत २१०० तास भरावे लागत. न्यूयॉर्कमध्ये तेच काम १००० तासांत शिकून होतं. न्यूयॉर्ककरांच्या डोक्याला त्यामुळे जास्त इजा होते, असं कुणी दाखवून दिलेलं नाही. आणि रुग्णवाहिकेत बसून मरणाच्या दारातला माणूस सांभाळणाऱ्या प्राथमिक तंत्रज्ञाला बहुतेक राज्यांत दीडशे तासांच्या आसपास प्रशिक्षण पुरतं. धोक्याच्या प्रमाणात तास ठरले असते तर हे आकडे उलटे असते. ते ठरवणाऱ्या मंडळांवर त्या त्या धंद्यातली आधीच स्थिरावलेली माणसं असतात, आणि तासांवर फी आकारणाऱ्या शाळा बाहेरून जोर लावतात. नव्या माणसाने उशिरा यावं, कमी यावं, यात दोघांचंही भलं असतं. दारात उभ्या असलेल्या बाईला त्या खोलीत खुर्ची नसते.

टेक्सास आणि कॅलिफोर्निया या दोन्ही मोठ्या राज्यांनी २०२१ मध्ये कायदे बदलून केशभूषेचे तास १००० वर आणले. टेक्सासमध्ये आधी १५०० होते, कॅलिफोर्नियात १६००. ज्या दोन राज्यांचं राजकारण एकमेकांच्या विरुद्ध टोकाला आहे त्यांना एकाच वर्षी हे पटलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तरीही परवान्याला सरसकट शत्रू मानणं मला पटत नाही. १९७५ मध्ये व्हिएतनामहून निर्वासित होऊन कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या छावणीत आलेल्या वीस स्त्रियांना अभिनेत्री टिप्पी हेड्रन यांच्या पुढाकाराने नखांच्या कामाचं प्रशिक्षण मिळालं, परवाने मिळाले, आणि पुढे अमेरिकेतला नेल सलूनचा धंदा मोठ्या प्रमाणावर व्हिएतनामी कुटुंबांच्या हातात आला. परक्या देशात, परक्या भाषेत, हातात सरकारी शिक्क्याचा कागद असणं याला मोल असतं. घरमालक, बँक, गिऱ्हाईक सगळेच त्या कागदाकडे बघतात. आज कॅलिफोर्नियाची परीक्षा व्हिएतनामी, कोरियन आणि स्पॅनिशमध्येही देता येते. दार अडवायला उभारलेली गोष्ट, दार उघडायची इच्छा असली तर, शिडीचंही काम करते.

आणि परवाना नसला की काय होतं याचंही उदाहरण समोर आहे. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात एका स्पामध्ये गिऱ्हाइकाचंच रक्त काढून, त्यातला घटक सुयांनी चेहऱ्यात टोचायचं फेशियल चालायचं. २०१८ मध्ये तिथे गेलेल्या एका स्त्रीला एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं आणि तपास सुरू झाला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर नाव नसलेल्या रक्ताच्या नळ्या, फ्रिजमध्ये खाण्याच्या वस्तूंशेजारी इंजेक्शनची औषधं, खणात उघड्या सिरिंज. किमान तीन गिऱ्हाइकांना याच मार्गाने लागण झाल्याचं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये मांडलं. स्पाकडे परवाना नव्हता. मालकिणीने विनापरवाना वैद्यकीय काम केल्याचा गुन्हा कबूल केला.

पण त्याच्याच शेजारी दुसरी घटना ठेवून बघा. २००० साली कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलमध्ये एकाच नेल सलूनच्या शंभरहून अधिक गिऱ्हाइकांच्या पायांवर महिनोन्महिने न भरणारी गळवं उठली. नखं रंगवायलाही शेकडो तासांचं प्रशिक्षण सक्तीचं असलेलं हे राज्य. आरोग्य खात्याच्या माणसांनी पाय बुडवायच्या टबातली पाणी ओढणारी जाळी काढली तेव्हा तिच्यामागे केसांचा आणि मृत त्वचेचा गच्च थर साठलेला निघाला, आणि त्यात गळवांचा जंतू सापडला. ती जाळी काढून धुवायला हवी, हे नियमात कुठे नव्हतं. त्यानंतर राज्याने टब धुण्याचे सविस्तर नियम केले : केव्हा, कशाने, किती वेळ, आणि नोंद कुठे ठेवायची. पुढच्या गिऱ्हाइकांचे पाय जाळीच्या त्या नियमाने राखले. आणखी शंभर तास वर्गात बसून ते साधलं नसतं.

या दोन घटनांमधून माझं मत बनलं आहे. जिथे कातडी छेदली जाते, रक्त येतं, वीज किंवा लेझर वापरलं जातं, तिथे परवाना कडक हवा आणि तो मोडणाऱ्यावर खटला हवा. जिथे तीव्र रसायन आहे तिथे आधी त्या रसायनावर नियंत्रण हवं आणि ते हाताळणाऱ्याला नेमकं, मोजकं प्रशिक्षण. आणि दोरा, कंगवा, मेंदी, मेकअप यांसाठी माणसाचा परवाना नकोच. जागेच्या स्वच्छतेचे नियम पुरेत.

माणसाच्या परवान्याची किल्ली चुकीच्या हातात गेली की काय होतं, हे आपण मुंबईत पाहिलं आहे. चित्रपटसृष्टीतल्या मेकअप आणि केशभूषा कलाकारांच्या संघटनेचा नियम होता की मेकअप कलाकार पुरुषच असतील. बायकांनी केस करावेत. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्याची अट. संघटनेचं कार्ड नसेल तर सेटवर काम मिळत नाही, म्हणजे कार्ड हाच परवाना. कॅलिफोर्नियात शिकून आलेल्या चारू खुराना यांना हे कार्ड नाकारलं गेलं. जवळपास सहा दशकं चालत आलेली ही बंदी १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या पीठाने मोडीत काढली आणि वास्तव्याची अटही रद्द केली. यात सरकारने स्वतः परवाना दिला नव्हता, पण संघटनेच्या नियमावलीची नोंदणी सरकारी निबंधकाकडे होती, हे विसरू नये. गुणवत्तेचा एक शब्दही त्या नियमात नव्हता. आधी आत आलेल्यांची रोजीरोटी राखण्यासाठी बाहेरच्यांना बाहेर ठेवायचं, एवढंच.

आता आपलं राज्य. महाराष्ट्रात ब्यूटिशियन म्हणून काम करायला कोणताही परवाना लागत नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, कौशल्य विकास योजनांतले छोटे कोर्स आहेत, लाखभर रुपये फी घेऊन ‘आंतरराष्ट्रीय’ डिप्लोमा देणाऱ्या खासगी अकॅडमी आहेत. पण यातलं काहीच सक्तीचं नाही. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे मोजकी माणसं असतील तर नोंदणीही नको, नुसती सूचना दिली की झालं. त्यामुळे आज गावोगाव, गल्लोगल्ली बाई आपल्या घरातल्या पुढच्या खोलीत खुर्ची, आरसा आणि पडदा लावून पार्लर उघडते. नवरा गेलेली, नवऱ्याची नोकरी गेलेली, मुलांच्या फीसाठी हातभार हवा असलेली. घराबाहेर न पडता, कुणाची परवानगी न मागता स्वतःची कमाई सुरू करता येईल असे धंदे बायकांसाठी अजून फार थोडे आहेत. नाभिक समाजातल्या मुलाला वडिलांच्या हाताखाली पिढ्यान्पिढ्या मिळणारं शिक्षणही कुठल्या कागदावर नाही. उद्या कुणी ‘दर्जा सुधारण्यासाठी’ हजार तासांचा कोर्स सक्तीचा केला, तर पहिला घाव या दोघांवर पडेल, आणि अकॅडमीवाल्यांची भरभराट होईल.

म्हणून सगळं ठीक चाललंय असंही नाही. एकच तुरटीचा खडा दिवसभर प्रत्येकाच्या दाढीवर फिरतो, कापलेल्या ठिकाणी तर मुद्दाम दाबून. वॅक्सच्या डब्यात तोच चाकू पुन्हा पुन्हा बुडतो. जुन्या जीन्सच्या पट्ट्या धुऊन वाळत घातलेल्या असतात आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या हातावर ओढल्या जातात. यातली एकही गोष्ट करणारी बाई किंवा कारागीर वाईट नसतो. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, आणि वापरून फेकायच्या पट्ट्यांचा खर्च शंभर रुपयांच्या वॅक्सिंगमधून निघत नाही.

याहून मोठा धोका मात्र बाटलीत आणि डबीत आहे. अकोल्यात एका महाविद्यालयीन मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला मूत्रपिंडाचा आजार झाला. तिघीही गोरं होण्यासाठी ब्यूटिशियनकडून मिळालेलं एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएममध्ये तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. २०२३ मध्ये केरळातल्या मलप्पुरम भागातही अशाच क्रीमनंतर मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण पुढे आले. आपल्या कायद्यानुसार अशा क्रीममध्ये पारा घालताच येत नाही; नकळत राहिला तरी दशलक्षात एक भाग ही मर्यादा आहे. म्हणजे नियम आहे, कडकही आहे. बाजारात डबी पोचल्यावर ती उघडून बघणारं कुणी नाही. त्या ब्यूटिशियनने दोन हजार तासांचा कोर्स केला असता तरी डबीकडे बघून तिला पारा दिसला नसता. हे काम प्रयोगशाळेचं आहे, आणि ते करून घेण्याची जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाची.

केस सरळ करण्याच्या ‘ट्रीटमेंट’चं, म्हणजे स्मूदनिंगचं, तेच. यातल्या अनेक द्रावणांमधून गरम इस्त्री फिरताच फॉर्माल्डिहाइडची वाफ सुटते. हा वायू माणसात कर्करोग घडवतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच ठरवलं आहे. ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं; त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झालेल्या एका तरुणीची नोंद २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. गिऱ्हाईक वर्षातून एकदा तीन तास त्या वाफेत बसतं. काम करणारी मुलगी रोज बसते, एसीसाठी खिडक्या बंद असलेल्या खोलीत, बहुतेकदा मास्कशिवाय. केशभूषाकाराचं काम हेच संभाव्य कर्करोगकारक व्यवसायांच्या यादीत आहे. परवान्याची चर्चा नेहमी गिऱ्हाइकाच्या सुरक्षेवर सुरू होते आणि तिथेच संपते. त्या मुलीच्या फुफ्फुसांचा, केसांना काळा रंग लावून लावून सोललेल्या तिच्या बोटांचा विचार कुठल्याच अभ्यासक्रमात नसतो. मला या साऱ्या प्रश्नात सर्वात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

माणूस सोडून कामावर आणि जागेवर नियम करता येतात, हे आपल्याच सरकारने एकदा करून दाखवलंय. कोविडच्या टाळेबंदीनंतर २८ जून २०२० पासून राज्यात सलून आणि पार्लर उघडायला परवानगी मिळाली, तेव्हा केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्याच सेवा सुरू झाल्या. त्वचेच्या सेवांना मनाई राहिली. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर खुर्ची पुसायची, दर दोन तासांनी जमीन निर्जंतुक करायची, टॉवेल एकदाच वापरायचे, अवजारं निर्जंतुक करायची, आणि हे सगळं लिहिलेला फलक दर्शनी लावायचा. कुणाचं प्रमाणपत्र कुणी मागितलं नाही. धोक्याप्रमाणे सेवा वेगळ्या काढल्या आणि जागेला नियम लावले. साथ ओसरली आणि फलकही उतरले.

ते पुन्हा लावावेत, एवढी साधी सुरुवात हवी. महापालिका आणि नगरपालिकांच्या आरोग्य विभागांनी वॉर्डावॉर्डात दोन दिवसांचं मोफत प्रशिक्षण घ्यावं, मराठीत, दुपारच्या वेळी, जेव्हा पार्लरमध्ये गर्दी नसते. शेवटी हाताने करून दाखवायची छोटी चाचणी आणि एक प्रमाणपत्र. ज्यांना वीस वर्षांचा अनुभव आहे त्यांनी थेट चाचणीला बसावं. रंग, ब्लीच, स्मूदनिंग करणाऱ्यांसाठी तिसरा दिवस : पॅच टेस्ट (आधी त्वचेवर थोडंसं लावून बघणं), हातमोजे, हवा खेळती ठेवणं, लेबल वाचणं. सुया, लेझर, इंजेक्शन हे डॉक्टरांचंच काम. केसरोपणासारख्या प्रक्रिया सुरू करायला कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघितलेलं पुरेसं नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये डॉक्टरांनाही बजावलं आहे. मग वीकेंड कोर्स करून मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी चेहरा टोचणं, करणाऱ्या पार्लरवर कारवाई व्हायला अडचण कसली?

‘तपासणी म्हणजे हप्ता’ ही भीती मी अनेकींकडून ऐकली आहे, आणि ती अनाठायी नाही. त्यावर उपाय म्हणजे तपासणीची यादी एका पानाची, छापील, भिंतीवर लावलेली असावी. पहिल्या खेपेला दंड नको, सुधारायला मुदत द्यावी. आणि तपासणीला येणाऱ्याने काय पाहिलं ते त्याच कागदावर सही करून तिथेच ठेवावं, म्हणजे बाईच्याही हातात पुरावा राहील. प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत अकॅडमीचा मालक असू नये. घरात पार्लर चालवणाऱ्या बायका, नाभिक संघटनांची माणसं, त्वचारोगतज्ज्ञ आणि व्यावसायिक आरोग्य जाणणारा एक डॉक्टर असावा.

बाटल्यांसाठी तर नवा कायदाही नको. अन्न व औषध प्रशासनाने दर तीन महिन्यांनी मुंबई, पुणे, नागपूर, अकोल्याच्या घाऊक बाजारांतून गोरेपणाच्या क्रीमचे आणि स्मूदनिंगच्या द्रावणांचे नमुने उचलावेत, पारा आणि फॉर्माल्डिहाइडसाठी तपासावेत आणि उत्पादनाचं नाव व बॅच क्रमांकासकट निकाल मराठीत जाहीर करावा. ती यादी पार्लरवाल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच संध्याकाळी पोचेल.